बाईंचं काकपद

बुधवार, १४ तारीख, सकाळी नऊ

प्रिय बाई,

(शाळेतून निवृत्त झालीस, माझ्या वर्गातून नाही. तेव्हा 'बाई'च.)

तुझ्या ताईचा पाय प्लास्टरमध्ये अडकलाय, माझा जीव बुधवारात. गोळ्यांची सात खणांची डबी तू वाराप्रमाणे भरून गेलीस, उपकार आहेत. पण बुधवारचं झाकण उघडत नाही. नखं झाली, चमचा झाला, शेवटी गुरुवारची उधारी केली. एका हृदयरुग्णाला आठवड्यातून सहाच दिवस जगायची परवानगी आहे काय? या अन्यायाचा मी लेखी निषेध नोंदवतो.

बाकी ठीक. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, "बाई नाही आल्या? त्यांच्यामुळे आहात तुम्ही." मी म्हटलं, "हे त्या मला रोज ऐकवतात."

खोटं बोललो. तू त्यावर अवाक्षरही काढलेलं नाहीस. तेच खुपतंय.

मागच्या वर्षी स्टेंट बसला आणि मी पलीकडच्या खोलीत झोपायला लागलो. "माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते." तू म्हणालीस, "तीस वर्षं नाही मोडली ती?" आणि उशी आणून दिलीस. घोरणं निमित्त होतं, बाई. मला जमेनासं झालं होतं. ते तुला कळू नये म्हणून मध्ये भिंत घेतली.

आमच्या प्रेसमधल्या मशीनवाल्याने ती निळी गोळी दिली. "माझ्या मेहुण्याला लागू पडली, घ्या." डॉक्टरांना विचारता आलं असतं, पण विचारायला तोंड लागतं. गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी दोनला घेतली. अडीचला छातीवर कुणीतरी बसलं. तू टॅक्सी आणलीस.

नर्स नेमकी तुझी जुनी विद्यार्थिनी निघाली. "काका, आज दुसरं काही औषध घेतलंय? ताकदीचं वगैरे?" तिच्यादेखत काय सांगू? म्हणालो, "नाही." तिने फॉर्मवर तसंच लिहिलं. फॉर्म सहीला तुझ्याकडे आला, तोवर माझ्या शर्टाच्या खिशातलं गोळीचं रिकामं पाकीट तुझ्या हाती लागलं होतं, आणि दोनला मी मागितलेला पाण्याचा ग्लासही तुला आठवला असणार. तू आरडाओरडा केला नाहीस. वह्या तपासायचीस तसं 'नाही' खोडलंस, काकपद काढलंस, राहून गेलेला शब्द घालायची ती कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि वर लिहिलंस: 'एक निळी गोळी, दुपारी दोन.'

त्या पोरीने माझ्या जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी उचलली होती. तिने वाचलं आणि हात मागे घेतला. या दोन गोळ्या एकत्र आल्या की रक्तदाब असा कोसळतो, की माणूस सावरेलच असं नाही. माझी स्वतःची जिभेखालच्या गोळ्यांची बाटली नेहमीसारखी प्रेसमधल्या खणात विसरलेली होती. माझ्या वेंधळेपणाने मला वाचवल्याची ही पहिलीच वेळ.

आता हस. त्या निळ्या गोळीचं माहितीपत्रक आमच्याच प्रेसमध्ये छापलंय, मुद्रितं मीच तपासली. 'नायट्रेट घेणाऱ्या रुग्णांनी ही गोळी घेऊ', पुढचं 'नये' गळलं होतं. ते मी घातलं! शब्द घातला, वाक्य वाचलंच नाही.

काल डॉक्टरांना विचारलं. तोंडाने. ते हसले नाहीत. "जिभेखालची गोळी तुमच्याकडे आहे तोवर ती निळी घरातही नको. पण सगळं संपलं असं कोण म्हणालं? दुसरे उपाय आहेत. आधी दोन जिने दम न लागता चढून दाखवा, मग बोलू."

आज सकाळी दीड जिन्यापर्यंत पोचलो. शेजारणीने विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हो, शोधतोय."

उशी आपल्या खोलीत परत नेऊन ठेवलीय. घोरेन, आधीच सांगून ठेवतो.

हॉस्पिटलातून घरी येताना टॅक्सीत तू एकच विचारलंस, "कुणासाठी रे?" मी म्हणालो, "देशासाठी." ड्रायव्हर हसला. तू नाही. तीन आठवडे तुला द्यायचं खरं उत्तर माझ्याकडे पडून आहे.

'देशासाठी' खोडतोय. काकपद काढतोय. वर लिहितोय:

तुझ्यासाठी.

तुझा,
मुद्रितशोधक