भिंतीपलीकडचा चौथा अल्बम

ती. वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार (गुडघा अजून वाकत नाही, म्हणून तूर्त कागदावरच). तुमची कंबर कशी आहे? दादाचा खोकला गेला, की अजून तो माणसांना आतल्या खोलीत बोलावण्यासाठी खोकतो? माझं बरं चाललं आहे. चष्म्यांच्या दुकानात गर्दी असते. लोकांचे डोळे बिघडताहेत, देवाची कृपा आहे.

पत्र लिहिण्याचं कारण, भिंतीपलीकडच्या त्या बाईचं पुढे काय झालं असं तुम्ही विचारलं होतंत. शेजारच्या घरात भूल देणारी डॉक्टर राहायला आली आहे, दिवसभर ती इस्पितळात लोकांना झोपवते आणि संध्याकाळी रॉकच्या रेकॉर्डी लावून त्याची भरपाई करते, हे मी मागे कळवलं होतं. त्यावर, ‘भिंतीवर बूट आपटा भावजी, समजेल आपोआप,’ असा सल्ला तुम्ही दिलात. तो मी तंतोतंत पाळला. पुढे जे झालं त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही, पण बूट तुम्ही सुचवला होतात एवढं सांगून ठेवतो.

तर मी बूट आपटला की ते गाणं संपायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. दुसऱ्या गाण्यावर आपटला तर दुसरं पुन्हा. मी चिडून जास्त जोरात आपटायचो, मग ते गाणं दुसऱ्या दिवशीही लागायचं. असं करता करता मला ज्यांचा सर्वांत जास्त वैताग होता ती गाणी माझी पाठ झाली. आमची भिंत अशी आहे की वरचं सगळं ती स्वतःकडे ठेवते आणि फक्त तळाचं पलीकडे सोडते, म्हणजे ढोल आणि ती जाड तारांची गिटार. बँडांची नावं ठाऊक नसल्यामुळे मी माझी ठेवली होती. एक ‘दळणवाले’, एक ‘सामान उतरवणारे’ आणि एक ‘जिन्यावरून पडलेले’ (हे शेवटचे मला फारसे कधी आवडले नाहीत. पडणं फार लांबवतात).

मग एकदा लिफ्टमध्ये गाठ पडली. मी भांडायच्या तयारीत होतो. बाई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, तुमची आवड फार कडक आहे हो, लोक टिन हार्बरच्या दुसऱ्या अल्बमवर खूश असतात, तुम्ही मात्र दाद देता ती फक्त चौथ्याला. वहिनी, तेव्हाच खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं हे मला कळतं. पण माझी आवड कडक आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं (दादाच्या मते मला आवड अशी नाहीच). मी नुसती मान हलवली आणि म्हणालो, चौथ्याला तोड नाही. टिन हार्बर म्हणजे आपले दळणवाले, हेही मला घरी येऊन कळलं.

त्यानंतर तिने चहाला बोलावलं आणि चौथा अल्बम माझ्या मानासाठी मोठ्या आवाजात लावला. मी खुर्चीत बसलो, दळण सुरू झालं, मला अगदी घरच्यासारखं वाटलं, आणि एवढ्यात एक माणूस ओरडू लागला. इतके दिवस त्या सुंदर दळणावर हा इसम सुरुवातीपासून ओरडत होता आणि भिंतीने मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. मी नम्रपणे विचारलं, रेकॉर्ड खराब झाली आहे का. बाईने रेकॉर्डची ती बाजू पूर्ण वाजू दिली. मग म्हणाली, या गायकासाठी लोक पावसात रांगा लावतात. मी म्हटलं, लावू देत, पण त्याने प्रत्येक कडव्याला यायलाच हवं का?

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही भांडतो. तिच्या मते जगातलं सर्वांत मोठं गाणं ‘सात ओल्या काड्या’ अशा अर्थाचं काहीतरी आहे. माझ्या मते त्याच अल्बमवरचं ‘लॉन्ड्रीकडचा लांब रस्ता’, कारण त्यात गायक मध्येच बराच वेळ कुठेतरी जातो. सामान उतरवणाऱ्यांचा, म्हणजे ग्रॅव्हल कझिन्सचा, पहिला अल्बम दोघांनाही पसंत आहे. त्यावर आम्ही बोलतच नाही, बोलायला काही उरत नाही.

आणि आता बाई घर सोडते आहे. इस्पितळाच्या मागेच एक जागा तिला दलालाने दाखवली आहे, चांगली, हवेशीर, येण्याजाण्याचा त्रास नाही. मी म्हटलं, उत्तम, घ्याच. घरी आलो आणि बूट काढून हातात घेऊन बराच वेळ बसलो. वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं, मला ती जायला नको आहे. या वयात हे लिहिताना कानशिलं तापली आहेत, पण लिहिलं.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद आणि दादाला आल्याचा रस.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. : खरं काम राहिलंच. येत्या रविवारी तिला तुमच्याकडे जेवायला घेऊन येतो आहे. परतताना वाटेत तिला जाऊ नका असं सांगण्याचा विचार आहे, आणि ते नुसतं शेजारापुरतं नव्हे. तेव्हा कृपा करून एवढं करा. माझ्या पत्रांमुळे तुमच्या घरात सगळे तिला ‘अवदसा’ म्हणून ओळखतात, आणि दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला बजावा. बुटाचा विषय काढू नका, ती दाद होती. आणि मला टिन हार्बर तरुणपणापासून आवडतात.

ता. ता. क. : वरचं लिहीत होतो तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बाई होती. मी लिहिताना मोठ्याने बोलतो हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. भिंतीलाही माहीत होतं (माझा आवाज खर्जातला, म्हणजे तळाचाच, तो तिने पलीकडे सोडला). बाईने आजवरचं तुम्हाला लिहिलेलं प्रत्येक पत्र ऐकलं आहे, बुटासकट आणि अवदसेसकट. दाद नव्हे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण इतक्या बेतालपणे कुणी दाद देत नाही. पहिल्यांदा रागाने गाणं परत लावलं, म्हणाली, आणि मग सवय झाली.

मी जागेचं विचारलं. ती कालच नाही म्हणून सांगून आली आहे. जागा दाखवणाऱ्या दलालाला तिने म्हणे शेजारच्या रिकाम्या खोलीत उभं केलं, भिंतीवर बूट आपटायला लावला आणि स्वतः अलीकडे कान लावून थांबली. काहीच ऐकू आलं नाही. दलाल खूश होऊन सांगत होता, बघा, किती शांत आहे, आणि बाई म्हणाली, तेच तर, इथे एकटीने काय ऐकायचं.

दादाला काही बजावू नका. रविवारी दोन पानं जास्त वाढा.