निळ्या फुलांची कपबशी

१ सप्टेंबर १९८६, सोमवार
शाळेत घालण्याआधी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घरीच पाटीवर शिकवलं. तेव्हाच त्यांनी नियम घालून दिला, रोज एक तरी खरी गोष्ट लिहायची. आजची ही : तामलवाडीच्या दूध सोसायटीत टेस्टर म्हणून लागून तीन महिने झाले आणि या तीन महिन्यांत मी एकही खोटं बोललेली नाही. गावाने माझ्याबद्दल काय समजायचं ते समजून घेतलं. मी फक्त दुरुस्त केलं नाही.
ठराव : आम्ही बौद्ध आहोत, हे घरमालकीण पुतळाबाईंना याच आठवड्यात सांगायचं.

३ सप्टेंबर, बुधवार
सांगितलं नाही. पुतळाबाईंचं डोकं दुखत होतं.
गैरसमज कसा झाला ते लिहून ठेवते, सांगताना उपयोगी पडेल. पहिल्याच दिवशी लिंबाजी दूध घालायला आले. नाव विचारलं. विशाखा. म्हणाले, नक्षत्राचं नाव दिसतंय. (ते बुद्धाच्या उपासिकेचं आहे. पण मागे रांग होती.) आडनाव उमरगेकर. दादा मास्तर झाले तेव्हा त्यांनी जुनं सोडून ते घेतलं. आणि माझं बोलणं पाटीवरचं, पुस्तकी. लिंबाजी कॅनवर हात टेकून म्हणाले, "म्हंजी बामणाच्या घरच्या म्हणा की तुमी." सगळी रांग हसली. प्रेमळ गाव आहे. तेवढ्यात लॅक्टोमीटर तरंगला, तो बघण्यात उत्तर राहून गेलं.

८ सप्टेंबर, सोमवार, सकाळ
पुतळाबाई माझं फार करतात. यंदाही पाऊस नाही. टँकर चार दिवसांनी येतो. तरी माझी घागर त्या स्वतः भरून देतात. रांजणाला हात लावू देत नाहीत. "ऱ्हाऊ द्या बाई, म्या वतते," म्हणतात आणि वरून धार धरतात. चहाला माझी वेगळी कपबशी आहे. निळ्या फुलांची, नवीकोरी. ती ओट्यावरच्या कोनाड्यात असते, दुसऱ्या कुणी वापरायची नाही. माझं सोवळं सांभाळतात बिचाऱ्या. त्यांना त्रास नको म्हणून मीच ती धुऊन पालथी घालते.
एवढ्या मानात मधेच कसं सांगायचं? शिवाय खोली गेली तर नोकरी गेली. दूध पहाटे पाचला घ्यायचं असतं आणि तुळजापूरहून पहिली गाडी सहाला येते.
ठराव : गणपती उठल्यावर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
गणपती उठले. पितृपक्ष लागला. लिंबाजींनी सगळ्यांदेखत विचारलं, बापाचं पित्तर कधी घालू? बाप कोणत्या तिथीला गेला ते विचारून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघून दिली. कॅलेंडर वाचणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मग म्हणाले, बाई, तुमीच या की जेवायला, भट हुडकायचा ताप न्हाय. रांग एवढी हसली की कस्तुराबाईंची चरवी कलंडली, दुष्काळातलं अर्धा लिटर दूध गेलं. मीही हसले.
हसणं खोट्यात धरायचं का, हे दादांना विचारायला हवं. नको. दादांना नको.

२४ सप्टेंबर, बुधवार
टेस्टिंगचं ॲसिड आणायला तुळजापूरला गेले होते. एसटीत शेजारच्या बाईंनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग हळूच, कुणाच्यात? मी घाट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनीच ठरवून टाकलं की मी त्यांच्यातलीच. मग म्हणाल्या, आजकाल सगळ्या नोकऱ्या त्या लोकास्नीच. मी खिडकीची जागा त्यांना दिली.
आजची खरी गोष्ट उद्या लिहीन.

३० सप्टेंबर, मंगळवार
दादांचं कार्ड आलं. रविवारी येत आहेत.
दादा सगळ्यांना जयभीम घालतात, खणखणीत. कंडक्टरलासुद्धा.
योजना : तुळजापूरहून अकराच्या गाडीने येतील. मी दहापासूनच फाट्यावर. तिथून थेट हॉटेलात, मग ऑफिस दाखवायचं, दोनच्या गाडीत बसवायचं. खोलीला रंग दिला आहे म्हणायचं. (हे खोटं ठरेल. पण दादांच्याच प्रकृतीसाठी.)
किंवा शनिवारी पुतळाबाईंना सांगूनच टाकायचं. हे उत्तम.

४ ऑक्टोबर, शनिवार
घट बसले. पुतळाबाईंना नऊ दिवस उपास. उपाशी माणसाला असलं सांगू नये.
जेवण गेलं नाही. योजना पक्की आहे.

५ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
अकराची गाडी नवरात्राच्या गर्दीमुळे थांबलीच नाही. वाटलं, दादा पुढे सोलापूरला गेले. सुटले. असं मनात आलं, लिहिते.
तरी परतीच्या गाड्या बघून एक वाजता परत आले तर दादा पुतळाबाईंच्या ओट्यावर. सोलापूरमार्गे, यात्रेच्या गाडीने साडेनऊलाच आलेले. जयभीम घालून झाला होता. हातात चहा, निळ्या फुलांचा कप. माझाच, असं वाटलं. कोनाड्यात बघितलं. माझा सकाळी ठेवला तसा पालथा होता.
मी म्हणाले, पुतळाबाई, मला एक सांगायचं होतं, आम्ही...
"ठावं हाय की, बाई. खोली देतानाच सोसायटीच्या चेअरमननी सांगितलं व्हतं. म्हनून तर कपाची जोडी आणली. आईबाप कवातरी येत्यालच की."
मायेनेच म्हणाल्या. मी विचारलं, लिंबाजींना माहीत आहे?
"समद्या गावाला ठावं हाय. त्यो लई चावट हाय, तुमी मनावर घिऊ नगा."
दादांचा कप काठोकाठ भरलेला होता, वर साय धरली होती. त्यांनी एकच विचारलं, "विशू, किती दिवस पितेस यात?"
चार महिने, मी म्हणाले.
ते कप तसाच ठेवून उठले. दोनच्या गाडीने गेले.
पुतळाबाई आतून म्हणाल्या, बाई, गुर्जींचा कप तेवढा.
चहा ओतून टाकला. धुतला. माझ्या कपाशेजारी पालथा घातला.
उद्या पहाटे रांगेत लिंबाजी पहिले असतील.