फ्रेममधला मेंढपाळ

४ ऑक्टोबर, शनिवार

क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा विषय 'डोंगर'. म्हणजे माझाच.

गेल्या वर्षी माझी एंट्री परत आली. परीक्षकांचा शेरा: तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, पण फोटो कुठे आहे? असल्या माणसांना परीक्षक कोण करतं? कारखान्यात मी बिजागऱ्या तपासतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला लांबून दिसतो. फोटोग्राफी कुणाकडे शिकायला गेलो नाही, सगळं स्वतःचं स्वतः कमावलं.

या वर्षीचे माझे नियम: पुढे दगड, पाणी, काहीतरी असल्याशिवाय क्लिक नाही. क्षितिज सरळ म्हणजे सरळ, त्यासाठी कारखान्यातली स्पिरिट लेव्हल आणली आहे (परत करायची आहे). ऑटो मोडला हात लावायचा नाही. ऑटो म्हणजे शेवटच्या पानावरची उत्तरं बघून गणितं सोडवणं.

पुढच्या शनिवारी डोंगरावर जातोय. हिला वाटलं, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. मी म्हणालो, दोन्हीसाठी. ही म्हणाली, मग आपला दोघांचा एक तरी फोटो काढा. हो म्हणालो.

११ ऑक्टोबर, शनिवार. डोंगराखालचं गेस्ट हाउस

दुपारी पोचलो. पोचल्या पोचल्या ही केस नीट करून म्हणाली, काढायचा का आपला? मी समजावलं की हा उजेड कडक आहे, डोळ्यांखाली काळं येतं. बरं, म्हणाली. हिच्या 'बरं'चा हिस्टोग्राम निघत नाही, त्यामुळे त्यात अंधार किती आणि उजेड किती ते कळत नाही.

संध्याकाळी तळ्याकाठी काम केलं. डोंगर किती मोठा ते कळायला समोर लहानसा माणूस लागतो. दरवेळी हीच उभी राहते. लाल जॅकेट त्यासाठीच घेऊन दिलं आहे. (वाढदिवसाला दिलं होतं. रंग मी निवडला.) डावीकडे सरक, आणखी थोडी, आता पाठ कर. ही म्हणाली, दरवेळी पाठच का? म्हटलं, चेहरा असला की नजर चेहऱ्यावर जाते, डोंगर राहतो बाजूला. वारा फार होता. प्रत्येक फ्रेम कमी, मध्यम, जास्त उजेड अशा तीन एक्स्पोजरमध्ये घेत होतो, त्यामुळे वेळ लागला. ही मधेच काहीतरी ओरडली, वाऱ्यात ऐकू आलं नाही.

आता शिंकते आहे. वाईट वाटलं. मीच उभा राहिलो असतो, पण मग क्लिक कोण करणार?

१२ ऑक्टोबर, रविवार

पहाटे उतारावर ट्रायपॉड लावला. शिखरावर ढग, खाली धुकं. लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध. तेवढ्यात लेन्सची कॅप दिसेना. ओरिजिनल कॅप. हिला म्हटलं, इथे उभी राहा, कशाला हात लावू नकोस. खाली उतरून वाकून वाकून दगडांत शोधली.

वरून क्लिक ऐकू आला.

धावत आलो. ही म्हणाली, एक काढला, तुमच्या आकड्यांतलं काही कळेना म्हणून ती चकती हिरव्या खुणेवर फिरवली. हिरवी खूण म्हणजे ऑटो! शिवाय ट्रायपॉड हललेला. बुडबुडा एका टोकाला. मी बोललो. गेस्ट हाउसचा मॅनेजर चहा घेऊन येत होता, तो कपांसकट मागे फिरला, म्हणजे जरा जास्तच बोललो असेन. ही गाडीत जाऊन बसली.

कॅप माझ्याच खिशात होती. हिला सांगितलं नाही. वातावरण अजून बिघडलं असतं.

दोघांचा फोटो राहिला. मऊ उजेड गेला होता.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर कॉम्प्युटरवर. माझ्या फोटोंत आकाश बरोबर आलं की डोंगर कोळशासारखा, डोंगर बरोबर आला की आकाश धुतलेल्या चादरीसारखं. तिन्ही एक्स्पोजर एकत्र केली, तर डोंगर प्लास्टिकचा दिसायला लागला.

मग एक फोटो आला आणि मी खुर्चीत सरळ झालो. शिखरावर नुकतं ऊन, खाली निळं धुकं, सगळं किंचित कललेलं, आणि डाव्या कोपऱ्यात खाली वाकलेला एक एवढासा माणूस. मनात म्हटलं, जमलं, शेवटी जमलं.

मग त्या माणसाची हिरवी टोपी दिसली. कंपनीने दिलेली. माझी.

डिलीट करायचं ठरवलं. नंतर ठरवलं, नीट विचार करून डिलीट करू. कॅमेरा कुणाचा? जागा कुणी निवडली? पहाटे कुणी उठवलं? हिने फक्त बटण दाबलं. (आणि मोड बदलला. आणि ट्रायपॉड हलवला.)

संध्याकाळी पाठवला. फोटोग्राफर: मी. मोड: मॅन्युअल.  

२ नोव्हेंबर, रविवार

पहिलं बक्षीस.

हिला सांगितलं, माझा एक फोटो पहिला आला. कुठला, विचारलं. म्हटलं, पहाटेचा. झालं एकदाचं तुमच्या मनासारखं, म्हणाली, आणि लगेच बहिणीला फोन लावला. अगं, पहिला नंबर, रात्ररात्र बसतात गं त्या कॉम्प्युटरपुढे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

समारंभ नऊ तारखेला. त्याआधी खरं सांगून टाकायचं. नक्की.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमवारी सांगणार होतो, हिचं डोकं दुखत होतं. मंगळवारी हिचं डोकं दुखत नव्हतं, मूड चांगला होता, तो कशाला घालवा? काल माझं डोकं दुखलं.

आज क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. फोटोतला माणूस कोण? तोंडातून निघालं, मेंढपाळ. मेंढ्या कुठे आहेत? म्हटलं, फ्रेमबाहेर, मुद्दाम ठेवल्या. वा, म्हणाले.

संध्याकाळी लेकीने क्लबच्या पेजवर फोटो पाहिला, खाली 'मेंढपाळ' लिहिलेलं. बाबा, त्या मेंढपाळाला तुझ्या कंपनीची टोपी कुठे मिळाली? म्हटलं, अशा टोप्या सगळीकडे मिळतात.  मग म्हणाली, आईने पाहिला का?

ही समारंभासाठी माझा शर्ट इस्त्री करत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सांगणार होतो. ही म्हणाली, उशीर होतोय.

हॉलमध्ये फोटो दारासमोरच लावलेला, दरवाजाएवढा. परीक्षक म्हणाले, हा जो किंचित कल आहे त्याने चित्राला श्वास मिळालाय, सरळ क्षितिज इथे मेलं असतं. आणि हा वाकलेला माणूस, त्याचं काहीतरी हरवलंय, आणि ते मिळणार नाही हे त्याला माहीत नाही. सगळे हळहळले. मग मला बोलायला सांगितलं. मी सांगितलं की तो मेंढपाळ वाकेपर्यंत मी श्वास रोखून थांबलो होतो.

ही दुसऱ्या रांगेत होती. फोटोकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. टेली (लांबलचक लेन्स मिरवतो म्हणून क्लबमध्ये सगळे त्याला टेली म्हणतात) हिला म्हणाला, वहिनी, तुम्ही होतात का तिथे? ही म्हणाली, होते ना. कॅमेऱ्याच्या मागेच होते.

गाडीत सगळं सांगितलं. खिशातल्या कॅपसकट. ही म्हणाली, कॅपचं तेव्हाच कळलं होतं, खिशातून हात निघेना तुमचा. मी म्हणालो, बक्षीस तुझं आहे. ही म्हणाली, मला कुठे डोंगर काढायचा होता? तुम्ही एकाही फोटोत नसता, म्हणून तुमचा काढत होते. जवळ आणायचं बटण सापडलं नाही, तुम्ही लांबच राहिलात. डोंगर आपला आपण आला.

 सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्या गाडीने हॉर्न वाजवून सांगितलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सेक्रेटरींना पत्र लिहिलं. स्वच्छ लिहिलं, फाटे फोडले नाहीत. (आधी दोन पानं झाली होती. ट्रायपॉडचा मुद्दा काढला.) उत्तर लगेच आलं. बक्षीस परत. पुढच्या स्पर्धेला मला मनाई. खाली एक ओळ: तुमच्या मिसेसना सभासद व्हायला आवडेल का?

हिला विचारलं. म्हणाली, एवढ्या थंडीत कोण उभं राहील?

१६ नोव्हेंबर, रविवार

हिने फोटो स्टुडिओतून तो फोटो कापून, मोठा करून आणला. डोंगर गेला, धुकं गेलं. राहिला फक्त एक वाकलेला माणूस, मागून, आणि तोही सगळा दाणेदार. घरी हॉलमध्ये लावला आहे. मी म्हणालो, इतकं कापल्यावर शार्पनेस राहत नाही. ही म्हणाली, मला ओळखू येतो तेवढं पुरे.

चारच्या सुमाराला म्हणाली, आता दोघांचा काढा, टायमर लावून. मी खिडकीकडे पाहिलं. उजेड कडक होता. म्हटलं, उद्या सकाळी मऊ उजेड येईल.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ही 'बरं' म्हणाली नाही. कॅमेरा उचलला, चकती हिरव्या खुणेवर फिरवली आणि मला भिंतीपाशी उभं केलं. जरा डावीकडे सरका, म्हणाली. आणखी थोडे. आता पाठ करा.