तूर्तास एक बिअर

ती. गेन्झोदादा यांना, कंबर परवानगी देईल तितकं वाकून, धाकट्या तोकुजीचा नमस्कार.

इकडे सेंदाईत जिंकोच्या झाडांची पानं पिवळी पडली असून खाली पडलेल्या फळांचा कुजका वास रस्ताभर येतो आहे. (पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं तुम्हीच मला शिकवलंत, ऋतूलाच वास येत असला तर काय लिहावं ते शिकवलं नाहीत.) वहिनींचा गुडघा, तुमचा रक्तदाब आणि साकेची पिंपं सगळी ठीक असतील अशी आशा आहे. आमच्याकडे तुमची भावजय फुमिए मजेत आहे. मी कसा आहे ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

तुमची आज्ञा होती की मिओरीच्या त्या बिअरच्या दुकानात जाऊन तिचे कान उपटावेत आणि यंदाचा साकेचा हंगाम सुरू व्हायच्या आत तिला घरी आणावं. नाही आली तर या घराला मुलगी नव्हतीच असं तुम्ही समजणार. दादा, मी गेलो. आता पिढ्यान्‌पिढ्या तांदळाची साके करणाऱ्या घरातला माणूस बिअरच्या दुकानात शिरताना कुणी पाहिला तर वडिलांच्या फोटोला घाम फुटेल, म्हणून मी तोंडाला मास्क लावला, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि वाचायचा चष्माही चढवला. मास्क लावलेल्या माणसाला बिअर पिता येत नाही, ही गोष्ट स्टुलावर बसल्यावर लक्षात आली.

दुकान म्हणजे पूर्वी एक म्हातारा तातामी चटया विणायचा तीच खोली. आठ माणसं बसली की नववं दारात उभं राहतं आणि त्याला कुणी जा म्हणत नाही. शेजारच्या सार्वजनिक न्हाणीघरातून माणसं अंघोळ आटोपून, खांद्यावर पंचा टाकून थेट इथेच येतात. खायचं ज्याने त्याने आणायचं (कुणी काडीला लावून भाजलेली कोंबडी, कुणी बायकोने घातलेलं मुळ्याचं लोणचं) आणि एकाचं आलं की ते सगळ्यांचं होतं. मी नाक मुरडायला म्हणून आलो होतो, पण कुठे मुरडावं ते सापडेना. पेले लख्ख, फळी कोरडी, आणि पोरगी फेस खाली बसेपर्यंत अशी शांत उभी राहते की घाई असलेला माणूसही गप्प बसतो. ही सवय तिने कुठून उचलली ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता आपल्याकडे कुठेही बसलं की यादीच्या फळ्याकडे न बघता तोंडातून काय निघतं? ‘तूर्तास एक बिअर.’ मीही आवाज जाडा काढून तेच म्हणालो. मिओरीने मान वर न करता एक पेला भरला, समोर ठेवला आणि म्हणाली, “ही घ्या. ‘तूर्तास’.”

बघतो तर फळ्यावर पहिलंच नाव ते. जो येतो तो तूर्तास म्हणतो, मग प्रत्येकाला आमच्याकडे सात प्रकार आहेत, नीट निवडा, असं कुठवर सुनावायचं? (तिच्या जागी तुम्ही असतात तर गिऱ्हाईक बाहेर आणि त्याचे बूट मागाहून.) तिने एक हलकी, साधी बिअर केली आणि तिचं नावच तूर्तास ठेवलं. दादा, मला हसू आलं. मास्कच्या आत हसलं की चष्म्यावर वाफ धरते. काही दिसेना, आणि पेला उचलायला गेलेला माझा हात शेजारच्या बाईंच्या लोणच्यात पडला.

या ओकुमुरा आजी. न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसतात आणि अख्ख्या गल्लीला धाकात ठेवतात.

“अहो मास्कवाले,” त्या म्हणाल्या, “सर्दी झालीय की दरोडा घालायला आलात? दरोडा असेल तर आधी मला लोणचं संपवू द्या.”

“आजी, ते माझे काका आहेत,” मिओरी नळ पुसत म्हणाली. “बाबांनी पाठवलंय त्यांना. आधी पिऊ द्या, मग रागावतील.”

मी मास्क काढला आणि प्यालो. पुढचा रागवायचा भाग त्या दिवशी राहून गेला. तो पुरा करायला मी परत गेलो, आणि परत राहिला. शेवटी एकदा मन घट्ट करून तुमचं सगळं म्हणणं, दम न घेता, तुमच्याच आवाजात तिला ऐकवलं. तिने हातातला पेला पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाली, “काका, तिकडे मी गेन्झोंची मुलगी होते. इथे माणसं मला मिओरी म्हणतात. मी नाही येणार.”

तेव्हा कामगिरी फसली असं समजावं. आणि लपवून काय करू, मला तिचा अभिमान वाटला. ओरडायचं असेल तर पत्रावर ओरडा, कागदाला रक्तदाब नसतो.

आपला, कोणत्याही मोहिमेवर पाठवण्यास नालायक,
तोकुजी

ता. क. फुमिएशी बोलणं झालं तर यातलं काही काढू नये. मी मंगळवारी आणि शुक्रवारी ‘गो’चा पट खेळायला जातो अशी तिची समजूत आहे. मी तेव्हा मिओरीकडे पेले धुतो. (बरे धुतो.)

ता. क. पुन्हा. एक सांगायचं राहिलं. मिओरी सध्या आपल्या घरच्यासारखी कोजीची बुरशी तांदळावर चढवून, साकेच्या रीतीने एक बिअर करू बघते आहे. जमत नाही. वास आधी पिकल्या केळ्याकडे जातो आणि मध्येच कुठेतरी हरवतो. दोनदा सगळी मोरीत ओतली. दुसऱ्यांदा ओतताना, मी मागे पेले पुसत उभा आहे हे विसरून, स्वतःशीच म्हणाली, “बाबा इथे असते तर नुसता वास घेऊन सांगितलं असतं.” मग फोन लाव म्हटलं तर मान फिरवली. हा हट्ट तिने आईकडून घेतलेला नाही.

ता. क. शेवटचा. सोबतच्या माशाच्या वड्या वहिनींसाठी. वड्यांच्या खोक्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली जी बाटली आहे, ती त्याच फसलेल्या बिअरची, मोरीत ओतली जायच्या आधी मी काढून ठेवलेली. मिओरीला ठाऊक नाही. पिऊ नका, पिण्याजोगी नाहीच. पण मी तुम्हाला ओळखतो, हे पत्र हातात घेण्याआधीच तुम्ही बूच काढून वास घेतला असणार आणि काय चुकलं ते तुम्हाला कळलंही असणार. मला लिहून कळवू नका, मला त्यातलं काही समजत नाही. तिला येऊन सांगा.