गच्चीवरचं ऊन

ती. आई,
उज्जैनला उषाताईंकडे बऱ्या असाल.

मिल बंद पडली, घरी बसलेली माणसं शेजारच्या गच्चीवर पत्ते कुटू लागली, म्हणून तुम्ही माझं गच्चीवर जाणं बंद केलंत. तीन वर्षं अंगाला ऊन लागलं नाही. दोनदा गर्भ पडला, तर "सुनेतच खोट" म्हणालात.

तुकोगंजच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी फारच कमी निघालं. म्हणाल्या, "त्यानेच पडला असं नाही, पण धोका वाढू शकतो. गोळ्या घे, रोज धूपमध्ये, कोवळ्या उन्हात बस."

आज बसले, डोक्यावर पदर न घेता. समोरच्या गच्चीवर पत्ते वाटत होते, रोज राऊच्या कारखान्यांत काम शोधायला जातो म्हणून निघणारे मामंजी! मी हलले नाही. तेच खाली उतरले.

हे पत्र टाकत नाही. तुम्ही आलात की गच्चीवरूनच सांगेन.

तुमची सून,
वल्लरी