चष्म्याचं वाक्य

बालाघाट, बुधवार, १२ नोव्हेंबर

मी शाळेत पाठ केलेल्या कविता ठेवायला राजूनं, माझ्या मुलानं, कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम करून दिला होता. उघडला की आधी अक्षरं यायची, ‘बाबा, चष्मा लावा.’ राजू जाऊन सोळा वर्षं झाली. अक्षरं रोज यायची.

आज त्याच्या मुलीनं, पल्लवीनं, तो डॉटनेटच्या नव्या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रामच्या नव्या साच्यावर, आणला.

“आबाजी, कोड एकच. कॉम्प्युटरवर बी चालते, वेबवर बी. मेमरी तर खुदच साफ करते.”

“काय साफ करते?”

“ज्याले कोणी धरून नाही, ते. टेन्शन नका घेऊ.”

उघडून दाखवलं. कविता सगळ्या होत्या. चष्म्याचं वाक्य नव्हतं.

“ते? फालतू होतं ना, मीच हटवलं!” किती खुशीत हसली. बाप गेला तेव्हा दीड वर्षाची होती. ते बोलणं कोणाचं, हे तिला कसं सांगू? नाही सांगितलं. उद्या? नको, पोरीचं तोंड उतरेल.

ती गेल्यावर पुन्हा उघडलं. ओळी नुसत्या धूसर. चष्मा खिशातच राहिला होता.

ज्याला कोणी धरून नसतं, तेच जातं म्हणे. मी तर धरून होतो.