हिरवं बटण, लाल बटण

शंकर नगर, रायपूर
रविवार, दुपार

प्रिय रमाताई,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करते (आणि ते फ्रीजच्या दाराआड उभं राहून पेढे खात नसतील अशीही). इकडे सगळं ठीक. आई खाटेवरच आहे, पण आवाज खणखणीत. भीमजयंतीला आली होतीस तेव्हा तू विसरलेली पांढरी ओढणी ती उशाशी घेऊन झोपते.

परवा फोनवर तू विचारलंस, पाळणाघरातल्या बायकांच्या कामाची वेळ नोंदवायला कोणतं अ‍ॅप घेऊ, आणि मी तोंड उघडायच्या आत 'ठेवते गं, पालक आलेत' म्हणालीस. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण ते मला कळणार नाही.)

तुला ठाऊकच आहे, आजारी माणसांजवळ बसायला मी घरोघरी बायका पाठवते. पूर्वी हे तोंडी चालायचं. आता एखाद्याची आई नवा रायपुरात आणि तो मुलगा बंगळुरात. आपल्या आईजवळ कोण किती वेळ बसलं, हे त्याला तिथून बघायचं असतं. त्याचंही चुकत नाही. म्हणून मी अ‍ॅप शोधायला निघाले, आणि पहिला प्रयोग आपल्याच घरी, आईजवळ बसणाऱ्या विमलावर केला. हा माझा मूर्खपणा. कारण विमला कंटाळून सोडून गेली तर आईजवळ कोण? ती तर माझ्या हातचंही जेवत नाही, 'विमले, तूच दे वं' म्हणते.

अ‍ॅप विकणारे भार्गव म्हणून एक गृहस्थ आहेत. 'दीदी, इतना आसान है, बच्चा भी चला ले,' म्हणाले. आता आमच्याकडे बच्चे नाहीत, पन्नाशीची विमला आहे. त्यांचं पहिलं अ‍ॅप आल्याआल्या चेहऱ्याचा फोटो मागायचं. विमला तोंड धुणार, टिकली सरळ करणार, पदर घेणार, फोटो बघणार आणि 'हा नको, यात मी आजारी दिसून राहिली' म्हणून पुन्हा काढणार. वेळेवर आलेली बाई रोज उशिरा आल्याची नोंद व्हायची. दुसरं अ‍ॅप जागा दाखवायचं. नवा रायपुरात काम करणारी आमची बाई दिवसभर एका मोकळ्या मैदानात उभी असल्याचं त्याने कळवलं. बंगळूरच्या मुलाचा फोन आला, तेव्हा ती त्याच्या आईला पेज भरवत होती.

तिसरं अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, तुम्ही काम करत आहात का? विमलाचे दोन्ही हात आईचे पाय चोळून तेलाने माखलेले. ती फोनकडे बघून ओरडायची, 'हव बाबा, करून राहिली ना!' फोनला ते मान्य नसायचं, घड्याळ बंद. दुपारी आई झोपली की विमला तिचा हात धरून बसते, कारण हात सुटला की आई दचकून उठते. त्या वेळेपुढे अ‍ॅपने लिहिलं, 'निष्क्रिय'. मी त्या शब्दाकडे कितीतरी वेळ बघत बसले (म्हणजे मीही निष्क्रिय). पण ताई, ज्या कामासाठी मी या बायकांना पाठवते, ते बरंचसं हेच तर असतं.

चौथं मात्र सोपं होतं. दोनच बटणं, हिरवं आणि लाल, वर आपल्याला हवे ते शब्द लिहायची सोय. त्यांवर आधीच असलेलं 'आगमन-प्रस्थान' बघून विमला म्हणाली, 'हे तं ठेसनावरचं हाय.' तेव्हा साध्या बोलीत लिहा, हा हट्ट माझाच. हिरव्यावर 'येते', लालवर 'जाते'.

आठवड्याअखेर अ‍ॅपने कळवलं, की विमला सोमवारी आली ती अजून गेलेलीच नाही. एकटी विमलाच नाही, सगळ्याच. भार्गव काळजीने म्हणाले, 'दीदी, आपके यहाँ कोई घर नहीं जाता क्या?' मी विमलाला विचारलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी आपल्या माणसांतली नाहीच.

'आजारी मानसाच्या घरून निघताना "जाते" म्हनू? आपन "येते" म्हनतो ना? मग मी "येते"च दाबते. मले नाही होत, दीदी. तुम्हीच दाबा लाल.'

मी फोन घेतला. आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. ताई, माझं बोट पुढे झालं नाही.

शेवटी लाल बटणावर 'उद्या येते' लिहून घेतलं. त्या दिवसापासून सगळ्या बायका आनंदाने लाल दाबून वेळेवर घरी जातात, बंगळूर शांत आहे, आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं आहे. तेव्हा हेच अ‍ॅप घे. काळजीचं काही कारण नाही. भाऊजींना जयभीम सांग.

तुझी,
नीलिमा

ता.क. ओझं उतरलं, हे जरा वाढवून लिहिलं. चार दिवसांपूर्वी निघताना विमलाने कुठलंच बटण दाबलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, 'खोटं काहून दाबू?' तिच्या मुलीचं बाळंतपण गोंदियाला आहे. महिनाभर येणार नाही. तिला नाही म्हणायचं तोंड मला नाही.

ता.क. दुसरं. मी थकले आहे, ताई. दुपारी आईचा हात धरून बसते, तेव्हा बाकीच्या बायकांचे फोन वाजत राहतात. ती डोळे न उघडता विचारते, 'काहून वं, रमा आली का?' जयंतीला निघताना तू तिला 'येते' म्हणाली होतीस. लाल बटण काही दाबलं नव्हतंस. तिच्या हिशेबात तू इथेच कुठेतरी आहेस, शेजारच्या खोलीत वगैरे. पाळणाघराला महिनाभर सुट्टी देता येणार नाही, मला कळतं. आठ दिवस तरी येता येतं का बघ.

ता.क. शेवटचं. निघालीस, तर आईला फोन करून 'येते' म्हणू नकोस. मागचंच अजून चालू आहे. नुसती ये.